रंग, रंजक आणि दातातला निळा लाइट

अकोट तालुक्यातल्या एका दंतवैद्य वाचकांचा प्रश्न आहे. गावातल्या शिबिरासाठी ते पत्रक लिहीत आहेत. दात भरायच्या मसाल्यात, लाइट मारल्यावर तो घट्ट व्हायला सुरुवात करून देणारा एक 'डाय' असतो. या 'इनिशिएटर'ला रंग म्हणावं, रंजक की उत्प्रेरक?

'रंग' अजिबात नको. माझ्या आईचा दात भरताना डॉक्टर म्हणाले, "यात एक रंग असतो, लाइट मारला की कडक होते." आई खुर्चीत उठून बसली, "माह्या दाताले रंग देऊन राह्यले का?" तिचं बरोबरच होतं. रंग द्यायचा असतो, लावायचा असतो. हा डाय दात रंगवत नाही, उजेड पितो. नेहमी वापरतात ते कॅम्फरक्विनोन कापरापासून बनतं. ते पिवळं दिसतं, कारण निळा उजेड शोषून घेतं, मुख्यतः ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा. दिवा निळा असतो तो म्हणूनच. उजेड प्यायलेलं कॅम्फरक्विनोन सोबतच्या अमाइन नावाच्या रसायनाकडून हायड्रोजन ओढून घेतं, त्यातून मुक्तमूलक, म्हणजे चटकन दुसऱ्याला जाऊन चिकटणारे रेणूंचे तुकडे, तयार होतात आणि मसाल्यातल्या रेझिनच्या रेणूंची साखळी गुंफली जाऊ लागते. या कामात त्याचा पिवळेपणाही बराच उतरतो.

'उत्प्रेरक'ही चुकीचंच. उत्प्रेरक शेवटी जसाच्या तसा उरतो, हा मात्र खर्ची पडतो. विरजण म्हणावं, तर आजच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधाला चालतं. इथे तसं काही मागे राहत नाही.

माझं मत 'रंजक'च्या बाजूने, आणि ते केवळ परिभाषेत डायला रंजक म्हणतात म्हणून नाही. तोफेच्या छिद्रापाशी जी थोडी बारीक दारू ठेवत, तिलाही जुन्या मराठीत रंजक म्हणत. बत्ती लावायची ती रंजकेला; ती भडकून संपायची आणि आतली दारू पेटायची. नरनाळा किल्ल्यावरची नऊगजी तोफ तर तुमच्या तालुक्यातच आहे! या दोन 'रंजकां'ची व्युत्पत्ती मी एक करत नाही, पण दोन्ही अर्थ या डायला नेमके बसतात.

तेव्हा शास्त्रीय लेखात या डायला 'प्रकाश-आरंभक रंजक' आणि साखळी गुंफण्याला 'बहुवारिकीकरण' खुशाल लिहा. पत्रकात मात्र एवढंच: 'दातात मऊ मसाला भरतात. निळा लाइट मारला की तो जागच्या जागी कडक होतो.'