‘तीन पॉइंट बारा’ म्हणू नका

प्रश्न : माझा नातू सहावीत आहे. चाचणीत त्याने ३.५ पेक्षा ३.१२ मोठी असं लिहिलं. “पाचापेक्षा बारा मोठेच ना, आजी?” म्हणतो. समजवायला गेले तर मलाच धड सांगता येईना. शिवाय ९१ ला मूळ संख्या म्हटलं म्हणून आणखी एक गुण गेला. त्याला कसं सांगू?
— एक आजी, सातारा

उत्तर : आजी, नातवाची गफलत वाचण्यातच झाली आहे. माझ्या वर्गात कुणी ‘तीन पॉइंट बारा’ म्हणालं, की मी त्याला पुन्हा वाचायला लावायचो : तीन दशांश चिन्ह एक दोन. टिंबानंतरचे अंक सुटे वाचायचे. एकदा तोंडून ‘बारा’ गेलं की डोक्यात बाराच बसतात. खरं तर तिथे आहेत १ दशांश आणि २ शतांश. समोर ३.५ मध्ये ५ दशांश आहेत. निकाल पहिल्याच घरात लागला, शतांशाकडे बघायची वेळच येत नाही.

घरात सोनाराची पावती असेल तर ती काढा. ४.३५० ग्रॅमला सोनार ‘चार ग्रॅम तीनशे पन्नास मिली’ म्हणतो. अंगठी साडेचार ग्रॅमची असेल तर तो ४.५ लिहून थांबत नाही, ४.५०० लिहितो. घरं सारखी असल्यामुळे तिथे कुणी फसत नाही. नातवालाही ३.५० आणि ३.१२ असं एकाखाली एक मांडू द्या.

पण नुसतं ‘शून्य लाव’ सांगून सोडू नका. मी बरीच वर्षं तेच करत होतो. मग एका मुलीने ३.४५ पेक्षा ३.२ मोठी ठरवली. कारण विचारलं, तर म्हणाली, “शतांश लहान असतात ना, सर!” म्हणजे चूक अगदी उलट्या टोकाची, आणि तिच्या परीने तर्कशुद्ध. तेव्हापासून मी आधी स्थानिक किंमत शिकवू लागलो, शून्य नंतर.

नातू क्रिकेट बघत असेल तर एक सावधगिरी. १९.३ षटकं म्हणजे १९ षटकं आणि ३ चेंडू, म्हणजे साडेएकोणीस. ते टिंब दशांश चिन्ह नव्हेच. धावगती काढायची तर १९.५ ने भागावं लागतं.

आता ९१. शेवटी १ आहे, म्हणून २ आणि ५ बाद. ९ आणि १ मिळून १०, म्हणून ३ ही बाद. इथवर त्याने केलं असणार. राहिला तो ७. तेरा साते एक्क्याण्णव! (पाढे तीसपर्यंत पाठ हवेत असं मी म्हणालो की माझी सूनच हसते.) शंभराच्या आतली संख्या २, ३, ५, ७ या चारांनीच तपासायची. पुढची मूळ संख्या ११, आणि अकरा गुणिले अकरा १२१ होतात. शंभराच्या आत ११ ने भाग गेलाच, तर जोडीचा गुणक त्याहून लहान असणार, म्हणजे संख्या आधीच सापडलेली असते. गंमत म्हणजे २, ३ आणि ५ च्या चाळणीतून निसटणाऱ्या संयुक्त संख्या शंभरात तीनच : ४९, ७७ आणि ९१. पहिल्या दोन कुणीही ओळखतं.

गुण वाढवून मागायला मात्र शाळेत जाऊ नका. बाईंनी दोन्ही बरोबर कापले आहेत.