परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीचं पाठ्यपुस्तक शिक्षकाने कसं पारखावं?

येमेन आणि इराणहून आलेल्या मुलांची बॅच आहे, समोर तीन पुस्तकं आहेत, तिन्हींवर ‘ए२’ छापलंय, मग निवडायचं कोणतं, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात अशाच बॅचेस घेतो, म्हणून सांगतो.

त्या ‘ए२’वर फार विसंबू नका. भाषा किती येते ते सांगणाऱ्या ए१ (अगदी नवशिका) ते सी२ (सगळ्यात वरची) या पायऱ्या कौन्सिल ऑफ युरोप या युरोपीय देशांच्या संघटनेच्या, २००१ सालच्या. पण पुस्तकं तपासून शिक्का मारायचं काम कौन्सिल करत नाही. मुखपृष्ठावर पातळी छापतो तो प्रकाशक.

पहिला धडा बघू नका, तो सगळ्यांचाच झकास असतो. मधला एखादा उघडा. त्यातले दहाएक नवे शब्द टिपून घ्या आणि पुढच्या दोन-तीन धड्यांत ते पुन्हा येतात का शोधा. पुष्कळ पुस्तकांत विमानतळाचा धडा संपला की बोर्डिंग पास जो गायब होतो तो होतोच. असं पुस्तक मी सरळ बाजूला ठेवतो, चित्रं कितीही देखणी असोत.

मग तुमची मुलं. जगभर खपायचं पुस्तक कुणा एकाच्या मातृभाषेचा विचार करत नाही. फारसीत ‘तो’ आणि ‘ती’ला एकच सर्वनाम, त्यामुळे इराणी विद्यार्थी बऱ्यापैकी बोलायला लागला तरी बहिणीला ‘शी’ (she) ऐवजी ‘ही’ (he) म्हणून जातो. येमेनच्या मुलांच्या अरबीत वर्तमानकाळी ‘आहे’ लागत नाही, म्हणून ‘आय स्टुडंट’. या दोन गोष्टींचा सराव किती पानं आहे ते मोजा. चित्रकथेच्या चौकटींना आकडे आहेत का तेही बघा. उजवीकडून वाचायची सवय असलेला मुलगा गोष्ट शेवटाकडून सांगायला लागतो आणि आपण म्हणतो, याला इंग्रजी येत नाही!

विषयांचं म्हणाल तर पुस्तक कुठल्याही देशात विकता यावं म्हणून प्रकाशक धर्म, राजकारण, दारू टाळतात. उरतात हॉटेलं, सुट्ट्या आणि खरेदी. तुमच्या मुलांना घरमालकाशी डिपॉझिटवरून बोलायचं असतं, कॉलेजच्या खिडकीवर बोनाफाईड मागायचं असतं. ते कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही, तुम्हालाच जोडावं लागेल.

पुस्तक घेतल्यावरही पारखणं चालू ठेवा. वर्गात जो सराव फसला त्याच्यापुढे समासात फुली मारा. टर्मअखेर त्या फुल्या बघूनच पुढच्या बॅचचं ठरवा. आणि टीचर्स बुकचे पैसे वाचवू नका. उत्तरं तुम्हाला येतातच, पण ऑडिओची संहिता बऱ्याचदा त्यातच असते.