अपस्मार आणि ट्रकचा परवाना

प्रश्न : माझे पती मालवाहू ट्रक चालवतात. गेल्या वर्षी त्यांना अपस्माराचे झटके आले. गोळ्या सुरू झाल्यापासून एकही आलेला नाही. परवान्याचे नूतनीकरण जवळ आले आहे. आजार सांगितला नाही तर चालेल का?

उत्तर : नाही, ताई. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नमुना १ मध्ये अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, हे अर्जदाराला स्वतः लिहून द्यावे लागते आणि वाहतूक वाहनासाठी नमुना १-अ मध्ये डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्रही द्यावे लागते. गोळ्यांनी झटके थांबले, याचा आनंदच आहे; परंतु रात्रीचे जागरण आणि चुकलेली गोळी यांमुळे झटका पुन्हा येऊ शकतो आणि लांब पल्ल्याच्या चालकाच्या वाट्याला नेमके हेच येते. ब्रिटनमध्ये तर अवजड वाहनासाठी औषधाविना १० वर्षे झटका न आल्याची अट आहे. परवान्यासाठी गोळ्या मात्र परस्पर मुळीच बंद करू नयेत. त्यातून न थांबणारा, जीवघेणा झटका येऊ शकतो. मेंदूविकारतज्ज्ञांना पतींचा व्यवसाय स्पष्ट सांगा आणि ट्रकमालकांकडे बुकिंगचे किंवा गोदामातील काम आतापासूनच मागा.