केशर: पुंकेसर की स्त्रीकेसर?

प्रश्न असा आहे: 'केशराच्या काड्या म्हणजे त्या फुलाचे वाळवलेले पुंकेसर, असे वाचनात आले. नावातच केसर असल्यामुळे ते पटलेही. मग स्त्रीकेसर म्हणजे नेमके काय? पराग, मकरंद, किंजल्क हे सगळे एकाच वस्तूचे शब्द आहेत का? आणि परागीभवन म्हणावे की परागण?'

आधी काड्यांचे बघू. केशराची काडी पुंकेसर, म्हणजे फुलातला नर अवयव, नाही. ती स्त्रीकेसराचा, म्हणजे मादी अवयवाचा, वरचा भाग आहे, शाळेच्या पुस्तकातल्या शब्दांत सांगायचे तर कुक्षी. केशराच्या फुलाला जांभळ्या पाकळ्यांसारखी सहा दले असतात, बाहेर तीन आणि आत तीन. त्यांच्या मधोमध तीन पिवळे पुंकेसर ताठ उभे असतात आणि त्यांच्यामधून तीन लालभडक धागे बाहेर पडून अनेकदा फुलाबाहेर लोंबतात. हे तीन धागे खाली एका पिवळट दांडीला जुळलेले असतात. ती दांडी फुलाच्या लांब नळीतून खाली उतरते आणि थेट जमिनीत जाते, कारण फूल उमलते तेव्हा या झाडाचा अंडाशय मातीखालीच असतो. खुडतात ते फक्त लाल धागे. एका फुलाचे तीन, म्हणून किलोभर वाळल्या केशराला सुमारे दीड लाख फुले लागतात. पिवळे पुंकेसर त्याच फुलात आयते मिळतात, त्यामुळे ते रंगवून केशरात मिसळणे ही जुनी भेसळ आहे. म्हणजे केशरात पुंकेसर असतात ते भेसळीचेच! काडी कोमट पाण्यात भिजवून भिंगाखाली धरा. खरी काडी टोकाकडे तुतारीसारखी रुंद होत जाते आणि तिची कड दंतुर असते. पुंकेसर भिजला तरी तुतारी होत नाही, त्याच्या दांडीवर लांबट परागकोश दिसतो.

मग मादी भागाच्या नावात केसर आला कुठून? गफलत अशी होते की आपण केसर म्हणजे पुंकेसर असे धरून चालतो. केसर या शब्दाचा मूळ अर्थ केस, आयाळ, तंतू. आयाळ असते म्हणून सिंह केसरी. फुलाच्या मध्यावरचे तंतू केसांसारखे दिसतात म्हणून तेही केसर. संस्कृतात श आणि स यांची अदलाबदल या शब्दात पूर्वीपासून आहे. मराठीने तिचा चांगला उपयोग करून घेतला: पातेल्यात पडते ते केशर, फुलात असतो तो केसर.

गंमत पुढेच आहे. केशराचे संस्कृतातले प्रसिद्ध नाव कुंकुम. मराठीत ते नाव हळदीपासून केलेल्या लाल पुडीकडे गेले आणि कुंकू झाले. रिकाम्या झालेल्या जागी तंतूचे सामान्य नाव येऊन बसले. त्यामुळे आज कुंकवात कुंकुम नाही आणि केशरात पुंकेसर नाही.

केसर हा शब्द आकार सांगतो, नर-मादी सांगत नाही. तो सांगणार तरी कसा? फुलातला कोणता तंतू नराचा आणि कोणता मादीचा, हे प्रयोगाने ठरले ते 1694 साली, जर्मनीत. रुडॉल्फ कामेरारियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने एरंडाच्या नर फुलांतले परागकोश खुडले आणि मक्याच्या कणसाचे केस कापले. दोन्हीकडे बी धरले नाही. केसर शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, त्याचे व्याकरणातले लिंग 'स्त्रीलिंग सोडून बाकी दोन्ही' असे दिले आहे. नेमका हाच शब्द पुढे फुलाच्या मादी भागाला चिकटला, याला योगायोग म्हणून सोडून देऊ.

जीवशास्त्र मराठीत लिहायची वेळ आली तेव्हा या केसराला पुं आणि स्त्री अशी विशेषणे जोडून दोन शब्द घडवले गेले. पुंकेसर हा शब्द चांगला बसला. पुंकेसराचे भाग दोनच: खाली बारीक दांडी, तिला वृंत म्हणतात, आणि टोकाला परागकोश. परागकोशाला सहसा दोन खण असतात, प्रत्येक खणात परागाच्या दोन पिशव्या. तो पिकला की उभी चीर पडून पराग मोकळा होतो. (संस्कृतच्या काटेकोर संधीनियमाने पुंस्कोकिलासारखे पुंस्केसर व्हायला हवे, पण मराठीत पुंकेसर रुळला आहे आणि तो मोडण्यात काही हशील नाही. पुकेसर मात्र लिहू नये.)

जास्वंदीच्या फुलावर या शब्दांची परीक्षा घेता येते, आणि बहुतेक आकृत्या तिथेच चुकतात. फुलाच्या मधून बाहेर आलेला लांब दांडा अख्खाच्या अख्खा स्त्रीकेसर म्हणून दाखवतात. एक साधी लाल, एकेरी जास्वंद घ्या. दुहेरी नको, कारण तिच्यात पुष्कळ पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात. पाकळ्या सोलून काढा. दांड्यावर पिवळ्या ठिपक्यांसारखे डझनावारी परागकोश आडव्या बारीक दांड्यांवर लागलेले दिसतील. तो दांडा म्हणजे पुंकेसरांच्या तळाचे भाग एकमेकांना जुळून झालेली नळी आहे. सुईने ती नळी उभी चिरा. आतून दोऱ्यासारखी पांढरट दांडी निघेल, ती कुक्षीवृंत. दांड्याच्या शेंड्यावर मखमली गुंड्यांसारखी पाच टोके असतात, त्या कुक्षी. खाली हिरव्या पेल्यात दडलेला वाटोळा गोळा म्हणजे अंडाशय. तेव्हा बाहेरून दिसणारा दांडा म्हणजे पुमंग, फुलाचा सगळा नर भाग, आणि जायांग, म्हणजे सगळा मादी भाग, त्याच्या पोटातून वर आले आहे. ब्लेडने चिरायला गेलात तर नळी आणि आतली दांडी एकदमच कापली जाते, आणि आत काही नव्हतेच असे वाटते.

स्त्रीकेसर या शब्दावर माझा आक्षेप आहे. केसर म्हणजे केस, आणि या अवयवाचा महत्त्वाचा भाग तर तळाशी फुगलेला असतो. शिवाय मोजताना घोटाळा होतो. जास्वंदीत स्त्रीकेसर एक की पाच? दांडी एक, टोके पाच, अंडाशयाचे कप्पेही पाच. मूळ घटक पाच आहेत, ते जुळून एक झाले आहेत. इंग्रजीत घटकाला कार्पेल आणि जुळून दिसणाऱ्या अवयवाला पिस्टिल असे वेगळे शब्द आहेत. मराठी शालेय पुस्तके दोन्हींसाठी स्त्रीकेसर वापरून मोकळी होतात. मराठी विश्वकोशात घटकासाठी किंजदल हा शब्द आहे आणि तो मला सरस वाटतो. दल म्हणजे पान, आणि हा घटक म्हणजे खरोखरच बीजांडे (ज्यांच्या पुढे बिया होतात ती) पोटात घेऊन मिटलेले पान असल्यासारखा असतो. वाटाण्याची शेंग याचा पुरावा आहे. ती ज्या कडेने सहज उकलते त्या कडेलाच दाणे लागलेले असतात. उकलल्यावर एक दाणा या काठाला, पुढचा त्या काठाला, असे आळीपाळीने. समोरची कड म्हणजे त्या पानाची मधली शीर. अख्खी शेंग म्हणजे एकच किंजदल. भेंडी आडवी कापली की बहुधा पाच कप्पे दिसतात: पाच किंजदले जुळलेली. भेंडी जास्वंदीच्याच कुळातली, हे त्या चकतीकडे बघूनही पटावे.

म्हणजे मराठीत या अवयवांसाठी दोन शब्दसंच समांतर चालतात. शालेय संच: निदलपुंज (बाहेरचा हिरवा पेला), दलपुंज (पाकळ्या), पुमंग, जायांग, आणि जायांगात अंडाशय, कुक्षीवृंत, कुक्षी. विश्वकोशाचा संच, त्याच क्रमाने: संवर्त, पुष्पमुकुट, केसरमंडल, किंजमंडल, आणि किंजमंडलात किंजपुट, किंजल, किंजल्क. एका लेखात दोन्ही मिसळू नयेत, एवढे पथ्य पुरे.

निर्दोष मात्र एकही नाही. कुक्षी म्हणजे पोट, उदर. मराठीतली कूस त्याच शब्दाची. बाळ कुशीत वाढते, म्हणून कुक्षी हे नाव खरे तर अंडाशयाला शोभले असते, पण ते दिले गेले परागकण झेलणाऱ्या शेंड्याला. नवख्या विद्यार्थ्याची इथे हमखास चूक होते आणि त्यात त्याचा दोष नाही. कुक्षी ओळखायची ती कामावरून: शेंडा चिकट, लवदार किंवा पिसासारखा असतो, परागकण धरून ठेवण्यासाठी. किंजल्काची तर आणखी पंचाईत. संस्कृतात किंजल्क म्हणजे कमळातला केसर, अमरकोशात हे दोन शब्द एकाच ओळीत पर्याय म्हणून येतात. कमळात मधल्या चाळणीसारख्या गड्ड्याभोवती दाटीने असलेले पिवळे तंतू ते किंजल्क, आणि ते आहेत पुंकेसर. विश्वकोशाने हाच शब्द मादी शेंड्याला दिला. म्हणून जुन्या काव्यात किंजल्क भेटला तर कमळातले तंतू समजायचे, आणि वनस्पतिशास्त्राच्या नोंदीत भेटला तर कुक्षी.

पराग आणि मकरंद यांचा घोळ वेगळा आहे, कारण तो जुन्या शब्दांचा नाही, आपल्या सैल वापराचा आहे. मकरंद म्हणजे फुलातला गोड रस आणि पराग म्हणजे फुलातली धूळ, असा भेद अमरकोशातही स्पष्ट आहे. 'मधमाश्या परागापासून मध करतात' हे वाक्य म्हणूनच चूक. मध होतो मकरंदाचा. पराग त्या मागच्या पायांवर गोळ्या करून नेतात आणि तो मुख्यतः पिलांच्या पोषणाला लागतो. पराग हे समूहवाचक नाव, त्यातला एक कण तो परागकण. परागकणाला शुक्राणू म्हणणेही टाळावे. कण हे नुसते वाहन आहे. तो कुक्षीवर रुजल्यावर त्यातून परागनलिका निघते आणि तिच्यातून दोन नर युग्मके, म्हणजे नर प्रजननपेशी, खाली जातात. एक अंडपेशीशी जुळते, दुसरे बीजाच्या अन्नसाठ्याची सुरुवात करते. या जुळण्याला फलन म्हणतात, आणि हे दुहेरी फलन रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ नावाशिनने 1898 मध्ये दाखवले.

आता परागीभवन. शेतीविषयक लेखनात हा शब्द सर्रास आहे, पण घडण चुकीची आहे. बाष्पीभवन म्हणजे जे बाष्प नव्हते ते बाष्प होणे, घनीभवन म्हणजे जे घन नव्हते ते घन होणे. त्या हिशेबाने परागीभवन म्हणजे जे पराग नव्हते ते पराग होणे. परागकोशात पराग तयार होतो त्या क्रियेला कोणी हे नाव दिले तर चालेल, पण परागकण कुक्षीवर पोचण्याला नाही. त्यासाठी परागण हा सुटसुटीत शब्द आहे. स्वपरागण, परपरागण अशी जोडरूपेही त्यापासून नीट होतात. परागसिंचन चालेल, हाताने पराग लावण्याबद्दल लिहिताना तर तोच बरा वाटतो.

शब्दाच्या घडणीपेक्षा महत्त्वाचे हे की परागण, फलन आणि फळधारणा या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि बिघाड प्रत्येकीवर वेगळा दिसतो. मक्याचे उदाहरण घ्या. कणसाचा एकेक केस म्हणजे एकेका दाण्याचा स्त्रीकेसर. इथे केसर शब्द अगदी शोभतो. ज्या केसावर परागकण पडला नाही, किंवा उन्हाने जो आधीच सुकला, त्याच्या जागी कणसावर खळगी राहते. परागकण पडला तरी नलिकेला केसाची अख्खी लांबी, कधी वीतभर, उतरून जावे लागते, तेव्हा कुठे फलन होते.

काकडी-भोपळ्यात मादी फूल ओळखायला शब्दकोश लागत नाही: पाकळ्यांखाली चिमुकले फळ दिसते, तो अंडाशय. नर फुलाखाली नुसता देठ. हे इवले फळ दिसले म्हणजे फळधारणा झाली असे नाही, परागण झाले नाही तर ते काही दिवसांत पिवळे पडून गळते. परागण अर्धवट झाले तर काही बीजांडांचेच फलन होते. बी धरलेली बाजू फुगते, दुसरी मागे राहते आणि फळ वाकडे किंवा एका टोकाला निमुळते होते. हाताने परागसिंचन करायचे असेल तर भोपळ्याला सकाळी लवकर, कारण त्याची फुले दुपारपर्यंत मिटतात. दुधीला संध्याकाळी, कारण त्याची पांढरी फुले उमलतातच तेव्हा. ताजे नर फूल खुडावे, पाकळ्या काढाव्यात आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवावा, तिच्या सगळ्या पाळ्यांवर. एकाच पाळीवर लावला की फळ पुन्हा वाकडे येण्याचा धोका राहतो.