पर्समध्ये मावेल असं पिस्तूल: ह्यूस्टनला येणाऱ्या मानसीला उत्तर

मानसी, तू लिहिलंस की इमिग्रंट व्हिसा हातात पडलाय, दिवाळी झाली की कोल्हापुरातलं राजारामपुरीचं बिऱ्हाड आवरून ह्यूस्टनजवळ नवऱ्याकडे यायचं, आणि आल्यावर नणंदेच्या मोटेलमध्ये रात्रीचं काउंटर सांभाळायचं. रात्री एकटी असणार म्हणून जवळ पिस्तूल असावं असं तुला वाटतं. बाबांचं परवान्याचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर सोबत आणता येईल का, आणि येत नसेल तर पर्समध्ये मावेल असं सगळ्यात लहान पिस्तूल कोणतं, असं तू विचारलंस. बाबांचं आणू नकोस, सगळ्यात लहान घेऊ नकोस, पर्समध्ये तर मुळीच ठेवू नकोस. आणि पहिले काही महिने विकतच घेऊ नकोस. का, ते सविस्तर सांगते.

आधी कागदपत्रं. तू इमिग्रंट व्हिसावर येते आहेस, म्हणजे विमानतळावरून बाहेर पडतानाच तू कायमची रहिवासी झालेली असशील. अशा माणसाला पिस्तूल घ्यायला आणि बाळगायला अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा आड येत नाही. पण हे उत्तर तुझ्या मैत्रिणीही वाचतील म्हणून स्पष्ट लिहिते. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना बंदूक किंवा गोळ्या नुसत्या जवळ ठेवणंही गुन्हा आहे. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेऊन चालवणंसुद्धा त्यातच येतं. शिकारीचा परवाना काढला की चालतं, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. तशी सूट कायद्यात आहेही, पण नोकरीच्या व्हिसावरच्या कुणी वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

ग्रीन कार्डवाल्यालाही एक धोका असतो, जो इथल्या नागरिकाला नाही. बंदूक बेकायदा घेतली, ठेवली किंवा चुकीच्या जागी नेली म्हणून शिक्षा झाली, तर देशाबाहेर काढता येतं. शेजारचा गोरा माणूस दंड भरून सुटेल त्याच प्रकरणात तुझं इथलं राहणंच जाईल. म्हणून शेजारी काय करतो ते बघून वागायचं नाही. दुकानात फॉर्म ४४७३ भरावा लागतो, त्यावरून दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेत तुझी तपासणी करतो. नागरिकत्वाच्या रकान्यात जे खरं तेच लिही. गांजाबद्दलही प्रश्न असतो, आणि राज्याने परवानगी दिली असली तरी केंद्राच्या लेखी गांजा बेकायदाच आहे. नवऱ्याने स्वतःच्या नावावर फॉर्म भरायचा, पैसे तू द्यायचे आणि पिस्तूल तुझं, असंही करायचं नाही. तो मोठा गुन्हा आहे. दुकानदाराकडून हँडगन घ्यायला वय २१ लागतं, आणि आपण राहतो त्याच राज्यातून घ्यावी लागते.

बाबांच्या रिव्हॉल्व्हरचं म्हणशील तर ते कोल्हापुरातच राहू दे. त्याचा परवाना बाबांच्या नावावर आहे, इथे आणायला इथली आयातीची परवानगी वेगळी काढावी लागते, आणि एवढं करून मिळणार काय? आपल्याकडे ९ मिमी प्रतिबंधित बोअर, सामान्य माणसाला मिळत नाही, म्हणून बत्तीसला इतका मान. कलेक्टर ऑफिसात खेटे घालायचे, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायचं, दसऱ्याला पूजा करायची, वर्षानुवर्षं एक गोळीही उडवायची नाही. इथे ९ मिमी ही सगळ्यात सर्रास गोळी आहे, कुठल्याही दुकानात मिळते. बाबांच्या रिव्हॉल्व्हरची गोळी इथे शोधत फिरावी लागेल.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवायही हँडगन बाळगता येते. तरीही तू परवाना काढच. त्यासाठी चार ते सहा तासांचा वर्ग असतो आणि ३, ७ व १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्यांची परीक्षा असते. शाळेपासून १००० फुटांच्या आत बंदूक नेण्यावर केंद्राची बंदी आहे. त्या राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट मिळते, बिनपरवान्याच्या माणसाला मिळत नाही. ह्यूस्टनसारख्या शहरात गाडी चालवताना हजार फुटांत शाळा येणारच. शिवाय वर्गात पाट्या वाचायला शिकवतात. आत बंदूक आणायला मनाई असेल तर दुकानाच्या दारावर ३०.०६ किंवा ३०.०७ अशी पाटी असते, बारच्या दारावर लाल अक्षरात ५१ टक्के लिहिलेलं असतं. त्या दिसल्या की मागे फिरायचं. केंद्र सरकारच्या इमारतीत नेता येत नाही, त्यात तुझं इमिग्रेशनचं ऑफिसही आलं. टेक्सासचा परवाना कॅलिफोर्निया किंवा न्यूयॉर्कमध्ये चालत नाही. आणि मोटेल नणंदेचं आहे, तेव्हा काउंटरवर पिस्तूल घेऊन बसायचं की नाही हे आधी तिच्याशी बोल.

आता पिस्तूल. तुझ्यासारखं पहिल्यांदा घेणाऱ्या प्रत्येकीला, आणि प्रत्येकाला, वाटतं की लहान म्हणजे सोपं. दुकानातला माणूसही बाईला बघितलं की तळहातावर मावणारं काहीतरी पुढे सरकवतो. ते गोड दिसतं, पण चालवायला सगळ्यात अवघड तेच. उदाहरणार्थ रुगर एलसीपी रिकामी असताना पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे धक्का खायला वजनच नाही, सगळा धक्का मनगटावर. मूठ इतकी आखूड की करंगळी हवेत लोंबकळते. नळी आखूड, नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या माशीतलं अंतर कमी, त्यामुळे हात केसभर हलला तरी गोळी वीतभर चुकते. आणि खरी अडचण पुढे आहे: धक्का दुखला की माणूस सराव टाळतो.

पाच गोळ्यांची बिनहातोडीची छोटी रिव्हॉल्व्हर, उदाहरणार्थ स्मिथ अँड वेसन ६४२, हीसुद्धा बायकांना फार सुचवतात. साधी आहे, अडकत नाही, हे खरं. पण तिचा चाप ओढायला पाच किलोच्या वर जोर लागतो आणि वजन जेमतेम चारशे ग्रॅम. वर्षानुवर्षं चालवणाऱ्याच्या हातात ती शोभते. सुरुवात करणारीने तिच्या नादी लागू नये.

मी सांगेन ते असं. दोन मापं बघ. पहिलं ग्लॉक १९चं, १९८८ सालापासून चालत आलेलं, १५ गोळ्या, चार इंची नळी. पूर्ण पंजा मुठीवर बसतो, धक्का आटोक्यात राहतो, शिकायला याच्याइतकं चांगलं माप नाही. पण सलवार-कमीजखाली दिवसभर बाळगायला ते जड आणि जाड वाटेल. दुसरं सिग पी३६५चं माप. २०१८ साली आलं तेव्हा एक इंच जाडीच्या पिस्तुलात १० गोळ्या बसवून त्याने बाजारच बदलला. वजन अर्धा किलो. त्याचाच थोडा मोठा भाऊ पी३६५एक्सएल, त्यात १२ गोळ्या आणि करंगळीलाही जागा. स्मिथ अँड वेसनची शील्ड प्लस आणि ग्लॉक ४३एक्स याच घरातली. माझं मत विचारशील तर या दोन मापांच्या मधलं, म्हणजे एक्सएल किंवा ४३एक्स, तुझ्यासाठी बरं. सगळी ९ मिमी. एफबीआयनेही .४० ची मोठी गोळी सोडून ९ मिमीच पुन्हा घेतली, त्यामुळे "नऊ कमी पडते" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस.

पण नावावर जाऊ नकोस, हातावर जा. रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात. रिकामं आहे ना ते स्वतः डोळ्यांनी बघून, सुरक्षित दिशेला धरून असं पाहा: नळी मनगटाच्या आणि कोपराच्या रेषेत ठेवून मूठ पकडलीस, तर तर्जनीचं पहिलं पेर चापावर अलगद टेकतं का? टेकण्यासाठी मूठ फिरवावी लागली तर ते पिस्तूल तुझ्या हाताचं नाही, मग ते कितीही नावाजलेलं असो. नंतर स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग. बहुतेक जणी डाव्या हाताच्या चिमटीत स्लाईडची शेपटी धरून खेचतात आणि ती हलत नाही, मग वाटतं की अंगात ताकदच नाही. तसं नसतं. डाव्या पंजाने स्लाईड वरून घट्ट धर, पिस्तूल छातीजवळ घे आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकल. दोन्ही हात एकमेकांविरुद्ध गेले की ती सरकते. सोडताना हाताने सोबत नेऊ नकोस, सुटू दे. एवढं करूनही जड वाटली तर शील्ड ईझेड नावाचं पिस्तूल आहे, त्याची स्लाईड मुद्दाम हलकी केलेली आहे. ते घेण्यात कमीपणा काही नाही.

चालवताना अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधला पडदा मुठीच्या अगदी वरच्या खाचेत बसला पाहिजे, पण स्लाईडच्या वाटेत यायला नको. आला तर स्लाईड मागे येताना कातडी सोलून नेते. मनगट ढिलं सोडलं तरी अडचणच, स्लाईड पुरती मागे जात नाही आणि रिकामं काडतूस दारातच अडकतं. लोक म्हणतात पिस्तूल खराब आहे, पण पुष्कळदा मनगट खराब असतं.

ग्लॉकला बाजूला सेफ्टीचा खटका नसतो, पी३६५ आणि शील्ड प्लस खटक्यासहही मिळतात. यावर लोक तावातावाने भांडतात. मला विचारशील तर हवा असेल तर घे, पण घेतलास तर प्रत्येक वेळी बाहेर काढताना तो उतरवायचा सराव कर, नाहीतर ऐन वेळी चाप ओढशील आणि काही होणार नाही.

खटक्यापेक्षा महत्त्वाचं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान. चापाची कमान पूर्ण झाकणारं, कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकचं, पिस्तूल काढल्यावरही तोंड उघडं राहणारं. मऊ कापडी होल्स्टरची घडी चापाजवळ जाते आणि अपघात बहुतेक पिस्तूल परत आत ठेवतानाच होतात. आत ठेवायची कधीच घाई नसते. बोट सरळ, बाहेर. ओढणीचं टोक, कुर्त्याचा काठ, जॅकेटची दोरी आत गेली नाही ना ते डोळ्यांनी बघून मग ठेवायचं. लेगिंगला पट्टा नसतो, म्हणून कमरेला बांधायच्या पट्ट्यात कायडेक्सचं होल्स्टर बसवलेलं मिळतं, ते घे.

पर्स का नाही? पर्स हिसकावतात, ती खुर्चीवर राहते, गाडीत राहते, लेकरं तिच्यात चॉकलेट शोधतात. घरी आल्यावर पिस्तूल अंगावर नसेल तर तिजोरीत, तिसरी जागा नाही. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाताला भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. सुट्टीत दिरांची मुलं राहायला येतील तेव्हा हे विशेष लक्षात ठेव.

गोळ्या दोन प्रकारच्या ठेव. सरावाला साधी, बाळगायला होलो पॉइंट, जी लागली की फुलते आणि आरपार जायची शक्यता कमी होते. इथल्या मोटेलच्या भिंती आपल्याकडच्यासारख्या विटांच्या नसतात. लाकडी सांगाडा आणि दोन्ही बाजूंनी जिप्समचे पत्रे. चुकलेली गोळी एका खोलीतून दुसऱ्या, तिसऱ्या खोलीत जाते आणि तिथे कुणीतरी झोपलेलं असतं. काउंटरवर उभी राहिलीस की समोर कोणती भिंत आणि पलीकडे कोण, हे आधी बघून ठेव. बाळगायची ती गोळीही त्याच पिस्तुलातून थोड्या चालवून बघायची, काही पिस्तुलांना काही गोळ्या रुचत नाहीत.

तरी मनापासून सांगते, रात्रीच्या काउंटरवर पिस्तुलाचं काम सगळ्यात शेवटी येतं. लॉबीचं दार रात्री बंद, व्यवहार खिडकीतून, गल्ल्यात मोजकी रोकड, बाकी लगेच खालच्या तिजोरीत. कुणी पैसे मागितलेच तर देऊन टाक आणि जाऊ दे, त्याच्या मागे पळू नकोस. हे नणंदेकडून आधी करून घे. पिस्तुलाची निवड त्यानंतर.

येईपर्यंतचा वेळही वाया घालवू नकोस. एनसीसीत तू पॉइंट टू टू रायफल चालवलीस, श्वास आणि चाप यांची ओळख आहे, पण झोपून रायफल आणि उभं राहून पिस्तूल यात फार फरक आहे. तू ज्या गावात बसली आहेस तिथल्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं, राही सरनोबतने २०१८च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं, आणि राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसहून कांस्य आणलं. दुधाळीच्या शूटिंग रेंजवर जा, कुणा प्रशिक्षकाकडे एअर पिस्तूल शिक. चाप न झटकता दाबण्याची सवय तिथे लागली तर इथे पुष्कळ गोळ्या आणि डॉलर वाचतील. इथे आल्यावर पहिले काही महिने रेंजवरच्या भाड्याच्या पिस्तुलावर शिक, आधी पॉइंट टू टू, मग ९ मिमी; विकत घेणं त्यानंतर. घरी रिकाम्या पिस्तुलाचा सराव करताना गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवायच्या.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर चांगलं पिस्तूल साधारण ४०० ते ६०० डॉलरला पडतं. होल्स्टर, तिजोरी, वर्ग आणि सरावाच्या गोळ्या धरल्या तर तेवढेच अजून बाजूला ठेव.

आणि हे आत्ताच ठरवून ठेव. रेंजला न्यायची बॅग वेगळी ठेवायची, ती कोल्हापूरच्या वारीला कधीच न्यायची नाही. बॅगेच्या कप्प्यात विसरलेली एक जिवंत गोळी भारतातल्या विमानतळावर एक्स-रेत दिसली की शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, मुद्दाम आणली नव्हती हे कोर्टात सांगत बसावं लागतं, आणि परतीचं विमान निघून जातं. अमेरिकेहून आलेल्या कितीतरी लोकांवर ही वेळ आली आहे. जॅकेटचे खिसेही निघण्याआधी उलटे करून बघायचे.