मावशीआजी मराठी कशी?

चिऊ,

परवा गाडीत मागच्या सीटवरून तू विचारलंस की मावशीआजी ज्यू होती ना, मग ती मराठी कशी, आणि ठाण्याच्या घरी आत जाताना दाराच्या चौकटीला हात लावून तो ओठांना का लावायची. मी "नंतर सांगते" म्हटलं कारण ती गेल्याची बातमी येऊन दोनच दिवस झाले होते आणि बोलायला गेले की घसा दाटून येत होता. म्हणून लिहूनच सांगते, अडलं तिथे बाबाला विचार.

आधी चौकटीचं. आत शिरताना उजव्या हाताला बोटभर लांब डबी ठोकलेली होती ना, तिला मेझुझा म्हणतात. आत चर्मपत्राची छोटी गुंडाळी असते, हिब्रूत हाताने लिहिलेली, की देव एकच आहे, त्याच्यावर मनापासून प्रेम कर आणि हे शब्द आपल्या दारावर लिहून ठेव. म्हणून येता जाता हात लावायचा. भाजीची पिशवी घेऊन तीन जिने चढून आली तरी पिशवी खाली ठेवून आधी हात लावायची मग किल्ली काढायची, मी लहानपणापासून बघतेय, एकदाही विसरली नाही.

आता मराठीचं. ती बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू. त्यांच्यात सांगतात की फार फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि कोकणातच राहिल्या. पुढे गावोगाव तेलाचे घाणे चालवायला लागले, शनिवारी घाणा बंद, कारण शब्बाथ, त्या दिवशी काम करायचं नाही, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. आडनावं गावांवरून पडली, पेणकर, नागावकर, रोहेकर, मावशीच्या आडनावाला पण कर आहेच. म्हणजे बघ, कितीतरी पिढ्या घरात मराठीच, लग्नात मेंदी, गळ्यात मंगळसूत्र, आणि प्रार्थना हिब्रूत. ती मराठी "शिकली" नव्हती गं, तिची आईच मराठी बोलायची. मराठी म्हणजे एकाच धर्माची माणसं असं कोणी म्हटलं तर मला फार राग येतो, तुलाही यावा असं वाटतं.

ती आमची शेजारीण, माझ्या आईपेक्षा मोठी पण माझी मैत्रीणच. आई नोकरीला, त्यामुळे आमच्या घराची किल्ली तिच्याकडे, शाळेतून आले की आधी तिच्याकडे जेवायचं. मटणाचं कालवण नारळाच्या दुधातलं, कारण मांस आणि गाईम्हशीचं दूध त्यांच्यात एकत्र चालत नाही, दही लावून मुरवणं पण नाही. मासे फक्त खवल्यांचे. चेंदणी कोळीवाड्यातली मासेवाली दारावर यायची, तिला हे पाठ होतं, कोळंबी आणि खेकडे ती टोपलीतच झाकून ठेवायची आणि वरच्या मजल्यावर आमच्याकडे आणायची.

शब्बाथसाठी शुक्रवारी काळ्या मनुका पाण्यात भिजत घातलेल्या असायच्या. संध्याकाळी त्या हाताने कुस्करून पातळ मलमलच्या फडक्यातून गाळायची, फडकं जांभळं पडलेलं, पिळताना तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवलेल्या. मग काचेच्या दिव्यात तेल, डोक्यावर पदर, डोळ्यांवर दोन्ही हात. प्रार्थना झाली की सरबताचा एक घोट मला. आणि शनिवारी ती दिव्याचं बटण दाबायची नाही, मला कधी "दाब" असंही म्हणायची नाही, मीच अंधार पडला की न सांगता जाऊन दाबून यायचे. ते मला केवढं मोठं काम वाटायचं!

त्यांचं देऊळ म्हणजे सिनेगॉग टेंभी नाक्याला, शार हाशमाईम, 1879 सालचं, नावाचा अर्थ स्वर्गाचं दार. त्यांचं नवीन वर्ष, तिच्या भाषेत नव्याचा सण, पुष्कळदा घटस्थापनेच्या आसपासच येतं. 2025 ला तर 22 सप्टेंबरला सकाळी घट बसले आणि त्याच संध्याकाळी तिचा सण सुरू झाला. नाक्यावर देवीची गर्दी, ढोल, आणि ही त्यातून वाट काढत प्रार्थनेला. घरी चिकाचा हलवा, कुरडयांसाठी गव्हाचा काढतात तोच चीक, नारळाच्या दुधात आटवलेला. मग दहाव्या दिवशी योम किप्पूर, जुनी माणसं त्याला दारफळणीचा सण म्हणत, म्हणजे दारं लावून घ्यायचा. एरवी जिचं दार सताड उघडं, तिचं दार त्या दिवशी बंद. पांढरी साडी, पूर्ण दिवस अन्नपाणी नाही. लहानपणी मी जिन्यात बसून वाट बघायचे की कधी उघडतंय.

मी परदेशी निघाले तेव्हा तिने माझ्यासाठी मलिदा केला, नवस बोलली होती म्हणे माझ्या व्हिसासाठी, मला पत्ताच नाही. मोठ्या थाळीत भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं आणि गुलाबाची फुलं, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे त्यांच्या मोठ्या संदेष्ट्याचं नाव घेऊन प्रार्थना. केळ्यासाठी वेगळी प्रार्थना म्हटली. मी विचारलं का, तर म्हणाली केळ हे झाड नाही, जमिनीतून उगवतं, मग देवाचे आभारही तसेच मानायचे. इतकं बारीक बघून आभार मानणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मुलं इस्रायलला, अश्दोदला गेली, भाऊ तर कधीच गेला होता. त्या काळी तिकडच्या काही धर्मगुरूंनी बेने इस्रायलींशी लग्नं लावायला खळखळ केली, हे खरे ज्यू का म्हणून. आंदोलनं झाली तेव्हा 1964 ला तिथल्या सरकारने जाहीर केलं की हे सर्व अर्थांनी ज्यूच. मावशी हे सांगताना आवाज चढवायची नाही, फक्त हातातलं काम थांबवायची. मुलांकडे सहा महिने राहून परत आली. नवरा इथल्या मातीत आहे, म्हणाली, त्याला एकट्याला कशी टाकू. आता तीही त्याच्याशेजारीच आहे.

तिची मुलगी अश्दोदहून आलीये, दुखवट्याचे सात दिवस घरी बसतात त्यांच्यात, ते आता संपतील. रविवारी तिला फोन करणार आहे, तूही बोल. इंग्लिशमध्ये सुरू करू नकोस, मराठीतच बोल, चुकलं तरी चालेल, तिला आईच्या घरात मराठी ऐकायचंय.

मनुका भिजत घातल्यात, उद्या गाळायला ये.

तुझी आई