आईस हॉकी खेळले. आता पंच कशी होऊ?

प्रश्न : कोल्हापुरात रोलर स्केटिंग करत मोठी झाले, पुढं लेहला जाऊन आईस हॉकी खेळले. गुडघ्यामुळं सामने थांबले, स्केटिंग मात्र जमतं. पंच व्हायचंय. इथं बर्फ नाही, मग सराव कसला करू? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : सराव आधी नजरेचा करा. खेळाडू पक (खेळायची रबरी चकती) बघतो आणि पंच झाल्यावर हीच सवय सर्वांत जास्त नडते. पक पास झाल्यावर मागं कोण कुणाच्या अंगावर गेलं, हे बघायला शिका. महिलांच्या सामन्यात पकसाठी झटताना खांद्याला खांदा लागणं चालतं, पण पक सोडून अंगावर जाणं हा फाऊल. हा फरक पकवर खिळलेल्या नजरेला दिसत नाही. जुन्या सामन्याचं चित्रीकरण लावा आणि पाच मिनिटं पक अजिबात न बघता सामना बघा.

सुरुवात लाइन्समन म्हणून करा. ऑफसाइड, आयसिंग (आपल्या अर्ध्या भागातून पक थेट समोरच्या गोलरेषेपलीकडं मारणं) आणि फेस-ऑफ (दोन खेळाडूंमध्ये पक सोडून खेळ सुरू करणं) बघणं ही त्याची कामं. शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघितलेल्याला ऑफसाइड म्हटलं की बचावपटू आठवतो. इथं त्याचा संबंध नाही. पक निळी रेषा (जिथून समोरच्या संघाचा भाग सुरू होतो ती) पूर्ण ओलांडायच्या आत आक्रमक खेळाडूचे दोन्ही स्केट्स रेषेपलीकडं गेले, की ऑफसाइड. पकच्या आधी तुम्ही रेषेवर पोचलेलं असलं पाहिजे. मागून तिरकं बघून दिलेला निर्णय हमखास चुकतो.

फेस-ऑफचा सराव घरीच होतो. पक साधारण १६० ग्रॅमचा, एक इंच जाडीचा. तो आडवा धरून कमरेच्या उंचीवरून सरळ सोडायचा, फेकायचा नाही. कडेवर पडला की घरंगळतो. रबरी मॅटवर रोज पन्नास वेळा सोडून बघा.

इनलाइन (एका ओळीत चाकं असलेल्या) स्केट्सवर मागं जाणं, क्रॉसओव्हर (वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणं) आणि दोन्ही बाजूंनी वळणं पक्की करा. तीही स्टिक न घेता! वर्षानुवर्षं स्टिकवर तोललेलं अंग रिकाम्या हातांनी पुढं झुकतं. थांबण्याचा सराव मात्र बर्फावरच होईल, कारण पातं बर्फ खरवडत आडवं घसरतं, चाक तसं घसरत नाही. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. गेल्यावर पहिले दोन दिवस स्केट्सना हातही लावू नका.

प्रश्न : शिट्टी कोणती घ्यावी? – तीच वाचक

उत्तर : बोटात अडकवायची, प्लॅस्टिकची, आत गोळी नसलेली. गोळीच्या शिट्टीत थुंकी गोठते, गोळी अडकते आणि ऐन वेळी आवाजच निघत नाही. धातूची शिट्टी थंडीत ओठाला चिकटते. बोटातली शिट्टी लगेच तोंडाशी नेता येते आणि पडलात तरी दातांना धोका नसतो. नडगी आणि कोपराचे जुने पॅड टाकू नका, पंचाच्या कपड्यांखाली तेच घालायचे आहेत.